उनाड वळण

मी विमा कचेरीतला माणूस. कोणत्या वयाचा, कोणत्या धंद्यातला, कोणत्या आजारातून उठलेला माणूस साधारण किती वर्षं काढील याचे तक्ते आमच्याकडे असतात, आणि त्या तक्त्यांवर मान मोडून मी सत्तावीस वर्षं काम केलं आहे. भुताखेताची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी आधी वय विचारतो. सांगणाऱ्याचं, भुताचं नव्हे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून ‘बिचाऱ्या पळसुल्याचं डोकं फिरलं’ म्हणणं फार सोपं आहे. मीही ते म्हणून पाहिलं. जमलं नाही.

१९५९च्या जूनमध्ये माझी पुण्याहून जयपूरला बदली झाली. बरोबर बायको तारामती आणि आठ वर्षांची विभा. बनी पार्कात एका वकिलांच्या बंगल्याचा मागचा भाग भाड्याने मिळाला. गरम लू वाहत होती. पहिल्याच आठवड्यात ताराने जाहीर केलं की इथे चूल पेटवायची गरज नाही, भाकरी थापून गच्चीवर टाकली तरी भाजेल. विभाला मात्र गाव मानवलं. दोन महिन्यांत ती ‘मतलब’शिवाय वाक्य सुरू करीना.

पुणं सोडताना माझा शाळेपासूनचा मित्र नागनाथ याने एक काम माझ्या गळ्यात मारलं होतं. त्याची टाइप फाउंड्री होती. छापखान्यांना लागणारे शिशाचे खिळे तो ओतायचा.

“आपले टाइप बघ, सगळे हेडमास्तरासारखे,” तो म्हणाला होता. “लग्नपत्रिका असो की निधनवार्ता, चेहरा तोच. मला ब्रशाने मारलेलं, हसतं-खेळतं अक्षर हवंय. जाहिरातीत, भेटकार्डावर उठून दिसेल असं. तुझा चित्रकलेचा हात चांगला आहे. पाट्या बघत हिंड, आवडेल ते वळण कागदावर उतरव, मला पाठव. मी ओततो.”

आता, हसरं अक्षर शोधायला माणसाला जयपूरला धाडणं म्हणजे आंबे आणायला काश्मीरला पाठवण्यासारखंच. तिथल्या जुन्या शहरात पाट्यांना शिस्त आहे. गुलाबी भिंत, दुकानाच्या डोक्यावर पांढरा पट्टा, त्यावर काळी अक्षरं आणि दुकानाचा नंबर. सराफ असो, अत्तरवाला असो की रजईवाला, सगळ्यांचं अक्षर एकाच उंचीचं, एकाच जाडीचं, नाकासमोर बघणारं. शहर त्याने देखणं दिसतं यात शंका नाही. माझं काम मात्र चार महिने जागचं हललं नाही.

दर रविवारी सकाळी मी विभाला सायकलवर पुढे बसवून किशनपोल बाजारात जायचो. तिथून आत जाणाऱ्या गल्लीला जयपूरवाले ‘रास्ता’ म्हणतात. अशा एका रास्त्यात नंदकिशोरजींचं कागदाचं दुकान होतं. साठीचे गृहस्थ, डोक्याला बांधणीचा साफा, बोलणं कमी. त्यांच्याकडून मी अक्षरं गिरवायला आरपार दिसणारा बटर पेपर घ्यायचो. दुकानासमोर तीन गाळे होते आणि तिन्हींना कुलूप. मालक कलकत्त्याला, असं नंदकिशोरजी सांगत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी विभा सायकलवरूनच ओरडली, “बाबा, ते बघा! मतलब, ते नाचतायत!”

डावीकडच्या गाळ्यावर पाटी होती. पांढऱ्यावर काळी, नियमाला धरून. पण अक्षरं! ‘देवराम पतंग भंडार’. ब्रश एकदा टेकवला आणि उचलायचा विसरून गेला अशी. ‘द’ची शेपटी मागे वळून स्वतःकडेच बघत होती. ‘दे’ची मात्रा वाऱ्यावर कललेली. ‘र’ने पाय असा लांबवला होता की शेजारचा अडखळून पडेल. शिरोरेषा सरळ होती, पण दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी मध्ये जराशी झोल खाल्लेली. इतक्या उनाडपणातही एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर जात नव्हतं. मी पंधरा मिनिटं आ वासून उभा होतो.

नंदकिशोरजींकडून स्टूल घेतलं, वर चढलो, बटर पेपर पाटीवर धरला. धरताक्षणी तो चिकटला. रंग ओला होता.

“आज ही बनाया क्या किसी ने?” मी विचारलं.

नंदकिशोरजींनी चष्मा वर केला. “आठ-दस दिन हो गए साहब. सवेरे दुकान खोली तो लगा हुआ था. किसने बनाया, मैंने देखा नहीं.”

“दस दिन? और रंग गीला?”

“मिलावट होगी,” ते म्हणाले आणि कागद कापायला लागले.

पाटी रंगवणारा कोपऱ्यात आपलं नाव टाकल्याशिवाय राहत नाही, तीच त्याची जाहिरात असते. इथे कोपरा कोरा होता. मी गावातल्या चार पेंटरांना विचारलं. तिघांनी खांदे उडवले. चौथा म्हातारा होता. तो रास्त्यापर्यंत आला, पाटीकडे बघितलं, कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि चहा न पिता परत गेला.

मी अक्षरं उतरवून घेतली. विभाने घरी त्यांची बारशी केली. ‘र’ लंगडी घालणारा, ‘प’ पोट धरून हसणारा, ‘भ’ शाळा बुडवून आलेला. “हे सगळे उनाड आहेत,” ती म्हणाली. ताराने तिला दिवसातून चार वेळा दिलेला शब्द तो, तिने अक्षरांना देऊन टाकला. नागनाथला मी तसंच कळवलं. टाइपचं नाव पडलं ‘उनाड’.

दर रविवारी मी पाटीला बोट लावून बघायचो. सवय आमच्या धंद्याची. बोट काळं व्हायचं आणि पाटीवर मात्र डाग पडलेला दिसायचा नाही. पाच रविवार असं झालं. सहाव्या रविवारी बोट जरा चिकटलं, पण स्वच्छ निघालं. रंग वाळायला आला होता. त्याच्या पुढच्या रविवारी गाळ्याचं कुलूप निघालेलं, आत झेंडू लटकवलेले आणि एक काळासावळा, मिशाळ माणूस पतंगांच्या थप्प्या लावत बसलेला. पाटी खडखडीत वाळली होती.

“देवराम?” मी म्हणालो.

तो जयपूरजवळच्या बस्सीचा. गावात कागदाचे पतंग बनवायचा. जयपुरात जागा शोधत हिंडताना या रास्त्यात शिरला, तर स्वतःच्या नावाची पाटी! “मैंने तो बनवाई नहीं साहब,” तो म्हणाला. “मैंने सोचा, अब ऊपरवाले ने लिख दिया तो मैं ना कैसे बोलूँ?”

ठीक आहे. देवराम नावाची माणसं पुष्कळ असतात. योगायोग म्हणून मी विषय मिटवला.

मार्चमध्ये मधल्या गाळ्यावर पाटी आली. ‘अनुसया सिलाई केंद्र’. तेच वळण, तोच ओला रंग. अनुसया कोण हे सगळ्या रास्त्याला माहीत होतं. दुकानांपुढे झाडू मारणारी, पाणी भरणारी विधवा बाई. तिला वाचता येत नव्हतं. नंदकिशोरजींनी वाचून दाखवलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली, म्हणाली, “म्हारै कनै तो सुई भी कोनी.” माझ्याकडे सुईसुद्धा नाही. रास्ताभर चेष्टा झाली. पण चेष्टेचं एक विचित्र असतं. रोज कुणी ‘राम राम दर्जी साहब’ म्हटलं, की माणूस एक दिवस मान वर करून बघतो. पावसाळ्यात ती कुणाकडे तरी शिवण शिकायला जाऊ लागली. दिवाळीच्या आधी एका रविवारी मधल्या पाटीला बोट चिकटलं पण स्वच्छ निघालं. पुढच्या रविवारी मशीनची टकटक ऐकू आली आणि पाटी वाळलेली होती.

दोनदा झालं, तेव्हा मी कारणमीमांसा केली. कुणीतरी अवलिया पेंटर आहे, नावं ऐकतो, पाट्या रंगवतो. पाटी वाचून माणसं तशी वागायला लागतात. रंगाचं मला कळत नाही. माझ्या परीने मी प्रकरण बंद केलं.

तोवर ‘उनाड’ जवळजवळ पुरा झाला होता. दोन पाट्यांत सगळी अक्षरं कुठून असणार! पण त्यांचा पाय कुठे वळतो, मान कुठे डोलते हे इतकं स्पष्ट होतं की उरलेली मी आणि विभाने ताडून काढली. मी काढायचो, ती परीक्षक. “हा उनाड नाहीये, नाटक करतोय,” म्हणाली की कागद फाडायचा.

१९६०च्या डिसेंबरात नागनाथचं पत्र आलं.

‘रंगा, गाढवा! संक्रांतीच्या भेटकार्डांना तुझा टाइप वापरावा म्हणून खिळे जुळवायला बसलो. तिळगूळ कसा छापू? तुझ्याकडे ळ नाही!’

खरंच नव्हता. दीड वर्ष हिंदी पाट्यांखाली मान वर करून उभं राहिल्यावर, पळसुले आडनावाचा मराठी माणूस ळ विसरला होता. तारा इतकी हसली की तिला उचकी लागली. मी त्याच रात्री ळ काढायला बसलो. दहा काढले, वीस काढले. सगळे लग्नात सुतकी तोंड घेऊन आलेल्या पाहुण्यासारखे. विभाने एकही पास केला नाही. “बाबा, हा येत नाही आहे. मतलब, त्याला कोणी बोलावलंच नाही आहे ना,” ती म्हणाली.

जानेवारीच्या नऊ तारखेला विभा शाळेतून डोकं दुखतंय म्हणत आली. रात्री ताप चढला. दहाला मान वळेना. अकराला सरकारी इस्पितळात नेलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी पाठीत सुई घालून पाणी काढलं आणि मेंदूज्वर म्हणाले.

त्या आजारातून किती मुलं उठतात आणि उठलेल्यांतली किती धड राहतात, हे आकडे मला तोंडपाठ होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नोकरीची किळस आली. तारा विचारायची, “अहो, काय होईल हो? तुम्हाला कळतं ना यातलं?” आणि मी सांगायचो, “नाही. मला काही कळत नाही.”

चौदा तारखेला विभा बेशुद्ध पडून तिसरा दिवस होता. सकाळी डॉक्टरांनी एका इंजेक्शनची चिठ्ठी दिली. इस्पितळात संपलं होतं, चांदपोलात एका औषधवाल्याकडे मिळेल म्हणाले. मी सायकल काढली.

त्या दिवशी संक्रांत होती, हे मला बाहेर पडल्यावर कळलं. जयपुरात संक्रांतीला माणसं जमिनीवर नसतात. झाडून सगळं गाव गच्चीवर आणि आभाळ पतंगांनी भरलेलं. बाजार बंद, रस्ते मोकळे. भर अकराच्या उन्हात चांदपोल बाजारात मी एकटा सायकल मारत होतो आणि दोन्ही बाजूंच्या छपरांवरून ‘वो काटा! वो काटा!’ अशी आरोळी उठत होती. औषधवाल्याचं घर दुकानाच्या वरच होतं. त्याला हाका मारून खाली आणलं. इंजेक्शन खिशात घातलं, चिठ्ठी त्याने परत दिली.

येताना तुटलेला मांजा चाकात गुंतला. सोडवेना. जवळचा रस्ता म्हणून मी सायकल हातात धरून नंदकिशोरजींच्या रास्त्यात शिरलो.

रास्त्यात कुणी नव्हतं. देवरामचं दुकान बंद, त्याचे पतंग संपले असणार. अनुसयाचं बंद. वरून आरोळ्या येत होत्या, पण भिंतींच्या मध्ये त्या फार लांबच्या वाटत होत्या. टर्पेंटाइनचा वास आला.

तिसऱ्या गाळ्यावर पाटी होती.

मी ती आधी अक्षर अक्षर पाहिली. दीड वर्षाची सवय. ड, व, भ, र, प. मग ळ.

ळ होता. दोन वाटोळी, एकमेकांचे हात धरून मागे झुकलेली.

मग मी पाटी वाचली.

‘डॉ. विभा रं. पळसुले’.

सायकल हातातून पडली. तिचा आवाज झाला आणि वरच्या आरोळ्या थांबल्या. किंवा मला तसं वाटलं.

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. तीही मी वाचली. तिचं मागाहून सांगतो.

नंदकिशोरजींचं स्टूल दुकानाच्या ओट्यावर होतं. मी चढलो. बोट लावलं. ओलं. थंडगार ओलं, आत्ता ब्रश उचलावा तसं.

या रास्त्यात माझ्या मुलीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नंदकिशोरजी तिला ‘गुड़िया’ म्हणत. आणि सारं जयपूर मला पलसुले साहब म्हणायचं. तो ळ या गावात फक्त माझ्या घरात होता.

मी डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि तिची कोरी पाठ त्या ळवर दाबली. का, ते मला विचारू नका. रिकाम्या हाताने परत जावंसं वाटेना.

“कौन है?” मी ओरडलो. “भैया, कौन है?”

माझ्या मागे कुणीतरी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. दोनदा. टक, टक.

वळून पाहिलं. रास्ता रिकामा होता. पार किशनपोलपर्यंत रिकामा.

मी पळालो. सायकल तिथेच टाकून इस्पितळापर्यंत पळत गेलो.

इंजेक्शन दिलं गेलं. ताराने माझ्याकडे पाहिलं. “अहो, हाताला काय लागलंय? कुठे होता इतका वेळ?”

“ळ सापडला,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. “पोर अशी पडलीय,” ती हळू आवाजात म्हणाली, “आणि तुम्ही अक्षरं गोळा करताय?” मग तिने तोंड फिरवलं.  

सोळा तारखेला सकाळी आठच्या सुमारास खिडकीतून ऊन आत आलं होतं. चिठ्ठी मी औषधांच्या टेबलावर बाटलीला टेकवून ठेवली होती. पाठीवर उलटा उमटलेला ळ पातळ कागदातून सुलटा दिसत होता. विभाचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे. ती टेबलाकडे बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज फाटका, पण तिचा. “ये तो फुगडी खेल रहे हैं.”

मी रडलो. पंचेचाळीस वर्षांचा, विम्याच्या कचेरीतला साहेब, वॉर्डात सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. तारा धावत आली, तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या. डॉक्टरांनी विभाला बोटं मोजायला लावली, पायाला गुदगुल्या केल्या, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “पलसुले साहब, मुझे उम्मीद नहीं थी.” मलाही नव्हती हो. तक्त्यात बसत नव्हती.

ती चिठ्ठी मी नागनाथला पाठवली. महिन्याभराने त्याचं पत्र आलं. ‘ळ अप्रतिम! पण तू शाई कुठली वापरतोस? तीन आठवडे झाले, अजून बोटाला लागतेय. माझं नवं धोतर गेलं.’ उन्हाळ्यात ‘उनाड’ बाजारात आला. पुण्याच्या दुकानांत, मेवामिठाईच्या खोक्यांवर, सर्कशीच्या जाहिरातींवर ती अक्षरं हुंदडायला लागली. पुढच्या संक्रांतीला नागनाथच्या भेटकार्डावर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आलं आणि त्यातले दोन्ही ळ फुगडी घालत होते. विभाने ते कार्ड अभ्यासाच्या टेबलावर लावलं.

पाटीबद्दल मी तिला सांगितलं नाही. ताराला नाही, कुणालाच नाही. कारण माझी मीमांसा आठवते ना? पाटी वाचून माणूस तसा वागतो. मला माझ्या पोरीला पाटीप्रमाणे वागायला लावायचं नव्हतं. तिने गाणं शिकावं, शाळेत शिकवावं, काय हवं ते करावं. मी तिला त्या रास्त्यात पुन्हा नेलं नाही. बटर पेपर आणायला मी एकटाच जायचो. देवरामला आणि अनुसयाला तिसऱ्या पाटीचं काही वाटत नव्हतं. मधला ळ त्यांना वाचता येईना, म्हणून ते नाव माझं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही; कुणा डॉक्टरीणबाईने गाळा घेऊन ठेवला असेल, एवढंच. दोनदा मला बढतीवर नागपूरला पाठवत होते, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तारा चिडली. “या वाळवंटात तुमचं काय पुरलंय?” असं तिने विचारलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आठ वर्षं मी दर महिन्याला एक रविवार स्टुलावर चढून दोन्ही ओळींना बोट लावत आलो. वरची ओळ ओली. खालची ओळ ओली.

१९६९चा जुलै. परवा संध्याकाळी विभा पत्र नाचवत घरात आली. मेडिकलला प्रवेश मिळाला. तिने स्वतः फॉर्म भरला होता, स्वतः ठरवलं होतं, मी एक शब्द बोललो नव्हतो. “मला आठवतं ना बाबा,” ती म्हणाली, “तो वॉर्ड. मतलब, सगळं नाही. पण जागी झाले तेव्हा तुम्ही रडत होता ते आठवतं. तेव्हाच ठरवलं होतं मी.” ताराने साखरभात केला. मी दोनदा वाढून घेतला.

तेव्हा पाटी वाचून माणूस तसा वागतो, हे काही खरं नाही.

आता खालच्या ओळीचं सांगतो. ती अशी आहे: ‘कै. रंगनाथ पळसुले स्मृती दवाखाना’.

संक्रांतीच्या त्या दिवशी ती वाचताना मला काय वाटलं, हे खरं सांगू? आनंद झाला. बाप आधी, लेक मागून. जगातला प्रत्येक तक्ता याच क्रमाने लिहिलेला असतो, आणि इस्पितळात तो क्रम उलटायला आला होता. पाटीवर तो सरळ होता. ‘कै.’च्या दोन मात्रा तर इतक्या मजेत वाकल्या होत्या की मला हसू आलं. मराठी मुलगी बापाचं नाव लावील तर असंच लावील.

भीती मात्र नंतर हळूहळू आली, नाही म्हणत नाही. पण गेल्याच महिन्यात कचेरीच्या डॉक्टरांनी मला तपासलं. हृदय उत्तम, रक्तदाब उत्तम. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आमच्या तक्त्याप्रमाणे मला अजून वीस वर्षं आहेत. तोवर विभा डॉक्टर होऊन तिचे केस पिकायला लागतील. असा हिशेब मांडून मी निवांत होतो.

आज रविवार. पेढे घेऊन रास्त्यात गेलो. अनुसयाने दोन शिकाऊ मुली ठेवल्या आहेत, तिघींनी पेढे घेतले. देवरामने विभासाठी एक पतंग दिला. नंदकिशोरजी आता फार थकले. त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि म्हणाले, “स्टूल संभाल के साहब, एक पाया हिलता है.”

मी चढलो. पाटीवर ऊन होतं. ‘डॉ.’वर पहिलं बोट टेकवलं. ते काळंभोर झालं. छान ओला, चकचकीत रंग. पुष्कळ वर्षं बाकी आहेत त्याला.

मग खालच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर दुसरं बोट टेकवलं.

ते जरासं चिकटलं. सोडवून पाहिलं, तर बोट स्वच्छ होतं.